बंद फाटकाबाहेरची मुले

परिपाठ सुरू झाला की फाटक लावून घ्यायचे, उशिरा आलेल्यांना पहिला तास बाहेर उभे करायचे आणि पुन्हा तसेच घडले तर पालकांना बोलावून घ्यायचे, हा उपाय महाराष्ट्रातील अनेक माध्यमिक शाळांत अजूनही शिस्तीचा मानला जातो. कॅलिफोर्नियात राहून मुलीला हायस्कूलमध्ये पाठवू लागल्यापासून मला तो पटेनासा झाला आहे.

इथे शिस्त सैल आहे असे मुळीच नाही. सबळ कारणाशिवाय ३० मिनिटांहून अधिक उशीर वर्षातून तीनदा झाला, तर कायद्याने तीही दांडीच ठरते आणि घरी पत्र येते. पण त्याच राज्याने १ जुलै २०२२ पासून, ग्रामीण भाग वगळता, सरकारी हायस्कुले सकाळी ८:३० च्या आधी भरवण्यास मनाई केली. वयात येताना झोपेचे चक्र पुढे सरकते, रात्री अकराच्या आधी झोप लागणेच कठीण होते आणि तरीही आठ ते दहा तासांची झोप हवी असते, हे वैद्यकीय कारण त्यामागे होते. सिएटलने २०१६ मध्ये हायस्कुलांची वेळ ७:५० वरून ८:४५ वर नेली, तेव्हा अभ्यासकांना मुलांची रोजची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली.

तरीही मुले उशिरा येतातच; माझी मुलगी नववीत असताना एका महिन्यात चारदा उशिरा पोहोचली. कार्यालयाच्या खिडकीतून तिला वेळ छापलेली चिठ्ठी मिळे आणि ती घेऊन ती थेट वर्गात जाई. चौथ्या वेळेस समुपदेशक बाईंनी तिला समोर बसवून एवढेच विचारले, ‘रात्री किती वाजता झोपतेस?’ मध्यरात्रीपर्यंत चालणारा गृहपाठ तेव्हा कुठे उघडकीस आला, आणि आई असून तो प्रश्न मी विचारला नव्हता, याचे मला फार वाईट वाटले.

आपल्याकडेही झोपेची चर्चा झाली. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. बसच्या फेऱ्या आणि दोन सत्रांची अडचण यांवर तेव्हा पुष्कळ वाद झाला, आठवी ते दहावीच्या मुलांविषयी मात्र फारच थोडे बोलले गेले. वास्तविक एकाच इमारतीत दोन सत्रे चालत असतील, तर लहानांना उशिराची वेळ दिल्यावर सकाळचे सात माध्यमिकच्याच वाट्याला येतात. म्हणजे ज्या वयाला पहाटे उठणे सर्वांत जड जाते, त्याच वयाला आपण पहाटे उठवतो आणि वर फाटकही बंद करतो.

इमारती अपुऱ्या आहेत हे मला मान्य आहे, आणि सत्रे एका वर्षात बदलणार नाहीत हेही. पण फाटक उघडे ठेवून उशिरा आलेल्या मुलाला वर्गात बसू देणे, हजेरीपटात त्याच्या नावापुढे वेळेबरोबर कारणही लिहिणे आणि महिनाअखेरीस मुख्याध्यापकांनी ती कारणे वाचणे, एवढे तर येत्या जूनपासूनही करता येईल.