राजीनामा दिलेल्या दाम्पत्यास कराविषयी चार शब्द

वाळूजच्या कंपनीतून पतिराजांचा राजीनामा मंजूर झाला, शाल-श्रीफळ घरी आले आणि स्वतःची जॉबवर्कची (दुसऱ्या कारखान्यांची कामे करून देण्याची) शेड उभी राहिली, की दाम्पत्याने सर्वप्रथम आयकराचा विचार मनातून काढून टाकावा. आजवर तो विचार कंपनीच्या लेखा विभागाने केला; टीडीएस, म्हणजे पगारातला कर, परस्पर कापला जात होता, जूनमध्ये त्या कपातीचा दाखला, फॉर्म 16, हाती पडत होता. ज्याअर्थी आता पगारातून कोणी कापत नाही, त्याअर्थी कर लागतच नाही, असे मानण्यास हरकत नसावी. पगारदाराला मिळणारी 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट पगाराबरोबरच गेली, हे सौभाग्यवतींना सांगून त्यांच्या जिवाला घोर लावू नये.

चूल एक, रेशनकार्ड एक, तेव्हा रिटर्नही दोघांचे मिळून एकच असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या कायद्यात तशी सोय नाही. पॅन दोन, रिटर्नही दोन. (गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे पती-पत्नीचे पगाराखेरीजचे उत्पन्न निम्मे-निम्मे धरतात, पण मराठवाड्यातली मंडळी गोव्याला जातात ती काही कायद्याच्या अभ्यासासाठी नव्हे.) नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, म्हणून आपल्या जॉबवर्कच्या शेडचे 24 लाख 2 पॅनवर सारखे वाटून टाकावेत, हा मार्ग कोणत्याही लग्नाच्या पंगतीत फुकट सांगितला जातो.

तो अमलात आणण्यासाठी सौभाग्यवतींना शेडच्या महाव्यवस्थापक नेमावे आणि दरमहा 1 लाख रुपये पगार कागदावर दाखवावा. खंडेनवमीच्या पूजेखेरीज त्यांनी शेडचा उंबरा ओलांडलेला नसला तरी बिघडत नाही. पत्नीकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि त्या ज्ञानाच्या बळावरच ती कमावत असेल, तरच तो पगार तिचा; एरवी तो पतीच्याच उत्पन्नात मिळवला जातो. 1961 चा आयकर कायदा जाऊन 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा कायदा लागू झाला, तरी ही तरतूद काही गेली नाही. तेव्हा त्यांचे शिवणक्लासचे प्रमाणपत्र फ्रेम करून लेथ मशीनच्या वर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे टांगावे.

भविष्यनिर्वाह निधीचे पैसे प्रेमाने त्यांच्या नावे मुदत ठेवीत टाकावेत. पत्नीला दिलेल्या भेटीवर कर नाही. त्या ठेवीवरचे व्याज मात्र आपल्याच उत्पन्नात धरले जाते. त्या व्याजाची पुन्हा ठेव केली, तर तिच्यावरचे व्याज मात्र त्यांचे. कायद्याने स्त्रीधनाची राखलेली ही बूज पाहून गहिवरून येते.

एवढ्यानेही भागले नाही, तर गावाकडच्या सातबाऱ्यावर सौभाग्यवतींचे नाव असतेच. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने औशाकडच्या 2 एकर कोरडवाहू रानातून त्यांनी 12 लाखांचे सोयाबीन काढले, असे बिनदिक्कत लिहावे. 2025-26 च्या 5,328 रुपये हमीभावाने हे सुमारे 225 क्विंटल, म्हणजे एकरी 112 क्विंटलच्या वर होते. ज्या रानात एकरी आठ-दहा क्विंटल झाले तरी पेढे वाटतात, तिथे हा विक्रम कृषी विद्यापीठाच्या कानावर जाणार नाही एवढी काळजी घ्यावी. 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातले सोयाबीन पाण्यात गेले, तेव्हा भरपाईच्या यादीतही हेच नाव असेल, तर दोन्ही कागद एका फाईलमध्ये ठेवू नयेत.

अग्रिम कराच्या, म्हणजे वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायच्या कराच्या, तारखांचे ओझे बाळगू नये. 15 जूनला पेरणीची गडबड असते, 15 सप्टेंबरला गणपती-महालक्ष्म्या नुकत्याच होऊन गेलेल्या किंवा दारात असतात, 15 डिसेंबरला लग्नसराई, आणि 15 मार्चला कोणाकडेच पैसे नसतात. वर्षाचा कर 10,000 रुपयांच्या घरात गेला, की हे हप्ते लागू होतात आणि चुकल्यास दरमहा एक टक्का व्याज चढते. खासगी सावकाराच्या मानाने हा दर सोज्वळच म्हणावा लागेल.

शेवटी, दोन्ही पॅनवर आपलाच मोबाइल क्रमांक नोंदवावा, म्हणजे ओटीपीसाठी सौभाग्यवतींना त्रास पडत नाही आणि आपण काय कमावतो हेही त्यांना कळत नाही. नोटीस पोस्टाने घरी आलीच, तर ती बहुधा त्याच घेतील आणि स्वतः महाव्यवस्थापक असल्याचे त्यांना प्रथमच समजेल. मग त्या थकलेल्या पगाराचा हिशेब मागतील. तो रोख चुकता करावा लागला, तरी त्यावरचा कर आपल्यालाच भरायचा आहे.