पान्हा चोरणारी म्हैस आणि आम्ही फोटोवाले

गोठ्यात धार काढतानाचे फोटो बघायला फार शांत वाटतात. पहाटेचा कवडसा, कासेखाली बादली, कडेला रेडकू. आम्ही फोटोवाले त्या वेळी कुठल्या कोपऱ्यात, कशात बसलेले असतो हे त्यात दिसत नाही, तेवढंच बरं.

मुळात म्हैस काळी. कॅमेऱ्याला काळं पाहवत नाही. समोर येईल ते करडं करून टाकायचं हा त्याचा स्वभाव. तुकतुकीत म्हैस टिपावी, तर पडद्यावर राखेत लोळून आलेली दिसते. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय, उणे एक. चौकट म्हशीनेच भरली असेल तर उणे दीड. बादलीतला फेसही त्यानेच वाचतो, नाहीतर तिथे नुसता पांढरा डाग उरतो.

मग ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर १/५०० सेकंदावर ठेवलं की एका फोटोत म्हैस उजळ आणि पुढच्यात सांजवेळ. १/१०० वर राहावं, लेन्सचं तोंड मोठं उघडं (एफ २), कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद चढती (आयएसओ ३२००). धार रेघेसारखी येते, ती छानच दिसते. शेपटी धूसर येते, तिला इलाज नाही.

इथपर्यंतचं सगळं पुस्तकात सापडतं. खरी परीक्षा पान्ह्याची. रेडकू ढुशा देत चोखतं, म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे दूध उतरवणारं संप्रेरक सुटतं, कास तटतटते आणि पुढची पाच-सात मिनिटं दूध मोकळं उतरतं. तेवढ्यात गवळ्याला सडं रिकामी करायची असतात. नेमका तेव्हाच कुणी फ्लॅश मारला की म्हैस बिचकते, अंगात ॲड्रेनलिन चढतं, कासेतल्या रक्तवाहिन्या आवळतात, ऑक्सिटोसिन पोचत नाही. दूध आहे, पण कासेतच. डेअरीची गाडी दारात, आणि घरादाराचे डोळे तुमच्यावर. ‘ओ पाव्हणं, जरा भाईर थांबा की’ हे अशा वेळी कोल्हापूरकडे ऐकू येणारं सर्वांत सौम्य वाक्य.

म्हणून फ्लॅश घरीच ठेवावा. बीप बंद, शटरचा आवाज बंद, फोकसला मदत करणारा तो आगाऊ दिवाही बंद. आणि पहिला अर्धा तास कॅमेरा बॅगेतून काढूच नये. थंडीत बाहेरून आणलेल्या गार लेन्सवर गोठ्याच्या उबेने वाफ धरते. बॅग बंद ठेवून गुमान बसलं की लेन्स आणि म्हैस दोघीही रुळतात.

बसायचं कुठे? थेट मागे कधीच नाही. जनावराला दोन्ही बाजूंचं बरंच दिसतं, फक्त पाठीमागचं दिसत नाही. आणि न दिसणाऱ्या गोष्टीची विचारपूस ते लाथेने करतं. गवळी ज्या बाजूला बसतो त्याच बाजूला, त्याच्या पाठीशी, पाय पोचणार नाही इतक्या अंतरावर उकिडवं बसावं. ट्रायपॉड नको. फरशी नालीकडे उतरती असते आणि तिसरा पाय हमखास शेणात जातो. यूव्ही फिल्टर मात्र लावाच. दुकानदार तो उन्हासाठी विकतो, गोठ्यात तो शेपटीसाठी असतो.

म्हैस पंढरपुरी असली तर आणखी एक पेच: शिंगं खांद्यापलीकडे गेलेली. ५० मिमीची लेन्स लावली की भिंतीला पाठ टेकली तरी ती मावत नाहीत, जास्त रुंद बघणारी ३५ किंवा २४ लागते. आम्ही मात्र कलात्मक होऊन नुसता डोळा आणि त्यातला दाराचा उजेड टिपतो, आणि मोठ्या अभिमानाने पडदा गवळ्यापुढे धरतो.

तो बघतो. लांब धरून बघतो. मग विचारतो, ‘कास न्हाई, शिंगं न्हाई. मग म्हस कुणाची हे कळायचं कसं?’