टॅक्स माफ केला की परकीय गुंतवणूक येतेच, हे खरं नाहीये

सध्या एक मेसेज खूप फिरतोय: विकसनशील देशाने टॅक्स माफ करावा, मजुरी स्वस्त ठेवावी, धंदा करायला सोपे देश कोणते याच्या यादीतलं रँकिंग सुधारावं, मग परकीय कंपन्या आपोआप येतात. मला हे धोकादायक वाटतं, कारण यावर विश्वास ठेवून सरकारं जो महसूल सोडतात तो शाळा, रस्ते आणि विजेचा पैसा असतो.

टॅक्सचं बघा. अंगोलात तेल कंपन्या गेल्या त्या तिथे तेल आहे म्हणून, अशांना सवलत देऊन काय मिळवलं? आणि २०२१ मध्ये १३० हून जास्त देशांनी मोठ्या कंपन्यांसाठी १५ टक्के किमान कर मान्य केलाय, तो जिथे लागू झालाय तिथे तुम्ही सोडलेला टॅक्स दुसराच देश वसूल करू शकतो.

खरा प्रश्न रेटचा नाहीच, भरवशाचा आहे. व्होडाफोन २०१२ मध्ये टॅक्सचा खटला भारताच्या सुप्रीम कोर्टात जिंकली आणि त्याच वर्षी सरकारने मागच्या तारखेपासून कायदाच बदलला, तो मागे घ्यायला २०२१ उजाडलं, एवढी वर्षं गुंतवणूकदार तेच एक उदाहरण देत राहिले. नायजेरियात तर तिकिटांचे पैसे डॉलरमध्ये बाहेर नेता येईनात म्हणून एमिरेट्सने २०२२ मध्ये विमानंच बंद केली. कारखाना टाकणाराही आधी हेच विचारतो, की कमावलेलं बाहेर काढता येईल ना.

रँकिंगवर फार बोलायला नको. वर्ल्ड बँकेच्या २०१८ च्या 'डुइंग बिझनेस' यादीत रवांडा ४१ वा आणि चीन ७८ वा होता, पैसा कुठे जास्त गेला ते सगळ्यांना माहितीये. पुढे आकड्यांमधले घोळ सापडले आणि २०२१ मध्ये ती यादीच बंद झाली. परवाने पटकन मिळावेत हे बरोबरच आहे, पण तेवढ्याने कोणी येत नाही.

राहिली स्वस्त मजुरी. चिप बनवणाऱ्या इंटेलने १९९६ मध्ये कारखान्यासाठी कोस्टा रिका निवडलं तेव्हा मध्य अमेरिकेत त्याहून स्वस्त मजूर होते. सवलती कोस्टा रिकानेही दिल्या, हे मान्य, पण सोबत स्थिर राजकारण होतं, शिकलेली माणसं होती आणि टेक्निकल शिक्षण वाढवायची तयारी होती. २०१४ मध्ये इंटेलने तिथलं असेंब्लीचं काम आशियात हलवायचं ठरवलं, तरी देश कोसळला नाही, आज वैद्यकीय उपकरणं ही त्याची सगळ्यात मोठी निर्यात आहे आणि ती बनवणाऱ्या बऱ्याचशा कंपन्या परदेशीच आहेत.