हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नका: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात तो असा: बंद पडलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. कटकट वाजत असेल तर बाजूने टिचक्या मारा. तरी नाही झालं तर स्क्रू काढून आतली तबकडी बोटाने फिरवा. विंडोजने फॉरमॅट मागितलं तर करून टाका, फुकटच्या सॉफ्टवेअरने सगळं परत येतं. भिजली असेल तर तांदळात ठेवा. दुकानदार उगाच लुटतात.

आपल्याकडे लग्नांचे अल्बम, शिवजयंतीच्या चित्ररथांचे व्हिडिओ, कडोली-येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांतली भाषणं अशीच कुणाच्या तरी एका डिस्कवर पडून असतात आणि दुसरी प्रत नसते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी फ्रीजर. हा उपाय हवेतून आलेला नाही. जुन्या डिस्कमध्ये हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं बारीक टोक, तबकडीवरच विसावायचं आणि कधी कधी चिकटून बसायचं. थंडीने धातू किंचित आकसला की ते सुटायचं. आजच्या पोर्टेबल डिस्कमध्ये डिस्क थांबली की हेड तबकडीच्या बाहेर, उतरंडीसारख्या पट्टीवर जाऊन बसतं. चिकटण्याचा प्रश्न क्वचितच येतो. उलट बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक भोक असतं. फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो, तसंच पाणी डिस्कच्या आत तबकडीवर जमतं. त्यात खानापूरकडचा पावसाळा! डिस्क चालू असताना हेड तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं, आणि माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. एवढ्या फटीत थेंब आला की काय होणार, ते वेगळं सांगायला नको.

टिचकीचंही तेच. पोर्टेबल डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हेड वाकलं असेल तर प्रत्येक फेऱ्याला ते तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडतं. तो थर गेला की त्या जागचा डेटा गेला, तो डेटा परत मिळवून देणाऱ्या कुठल्याच लॅबला परत आणता येत नाही. घरी डिस्क उघडून बोट लावणं तर नकोच.

पण कटकट ऐकली की लगेच हात टेकू नका. आधी केबल बदला. त्या रुंद, चपट्या पिनेची केबल सैल झालेली असते, किंवा जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला पुरेशी वीज मिळत नाही. तेव्हाही डिस्क टिक-टिक करून थांबते. दुसरी, आखूड केबल घेऊन मागच्या पोर्टला एकदा लावून बघा. आवाज तसाच राहिला तर काढा आणि पुन्हा लावू नका.

फॉरमॅटचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. क्विक फॉरमॅटने डेटा बहुधा लगेच पुसला जात नाही, पण फाइलींची नावं आणि फोल्डर यांची सूची जाते. मग फोटोरेक (पुसलेल्या फाइली शोधणारं फुकटचं सॉफ्टवेअर) फोटो शोधून देतं ते नुसत्या आकड्यांच्या नावाने, आणि तुकड्यातुकड्यांत साठलेले मोठे व्हिडिओ तर बहुधा नीट जुळतच नाहीत. चुकून क्विकची खूण निघाली तर विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं. संपलं. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, तेही तूर्त नको. ते फाइलींची रचना दुरुस्त करतं, तुमचे फोटो वाचवत नाही, आणि मरणाच्या दारातल्या डिस्कला आणखी पळवतं.

डिस्क नीट फिरते, आवाज नाही, पण विंडोज फॉरमॅट मागतंय, तर घरी करण्यासारखं बरंच आहे. फॉरमॅटला ‘रद्द’ म्हणा. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ‘रिअलोकेटेड’ (खराब म्हणून बदललेले) आणि ‘पेंडिंग’ (वाचताना अडणारे) सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचे, आकडे बघा. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम) चालू करून डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या सॉफ्टवेअरने अख्खी डिस्क तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. मॅप फाइल, म्हणजे कुठपर्यंत काम झालं त्याची नोंद, द्यायला विसरू नका. मध्येच लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. ते आधी सोपे भाग उचलतं, अडणारे भाग शेवटी घेतं. टेस्टडिस्क (हरवलेले पार्टिशन शोधणारं सॉफ्टवेअर), फोटोरेक जे चालवायचं ते त्या प्रतीवर. दुकानदाराशिवाय काम होतं हा मेसेजमधला मुद्दा इथे, आणि इथेच, बरोबर आहे.

सेम मॉडेलची सर्किट प्लेट बसवायचा सल्लाही काही जण जोडतात. त्या प्लेटवरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची खास मापं असतात, त्यामुळे नुसती प्लेट बदलून बहुधा काम होत नाही.

राहिले तांदूळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेचं पाणी चिकोडी-निपाणीकडच्या घरांत शिरलं होतं. अशा पुराच्या पाण्यात गाळ असतो. तांदूळ गाळ काढत नाहीत, आणि डिस्क वाळली की तोच गाळ तबकडीवर घट्ट बसतो. भिजलेली डिस्क वीज न लावता, ओलसर कापडासकट बंद पिशवीत घालून लवकरात लवकर लॅबकडे पाठवा.

लॅब पुणे, मुंबई, बेंगळुरूला आहेत. देण्याआधी तीन गोष्टी विचारा: आधी प्रत काढणार का, उघडायची झाली तर क्लीन रूममध्येच (धूळ गाळलेल्या खोलीत) उघडणार का, आणि डेटा मिळाला नाही तर पैसे किती. सोबत चिठ्ठी द्या: डिस्क पडली का, भिजली का, आवाज कसा होता, कुठले फोल्डर आधी हवेत.