पट्टा दिसायला चांगला होता

अप्पांची डिझेल इंडिका 2009 ची. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातला दातेरी पट्टा, अजून मूळचाच. परवा अमळनेरच्या आमच्या कट्ट्यावर वाद पेटला तो त्यावरूनच.

"तुटना नही तं कसाले बदलाना?" अप्पांचा सवाल. गाडी चालली अवघी 68 हजार. शेतात जाणं, आठवड्यातून एकदा धुळे, बस्स.

मी म्हटलं, अप्पा, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. त्यात आपल्याकडचा मे महिना, पारा पंचेचाळीसला टेकलेला. म्हणून तर कंपनी किलोमीटरसोबत वर्षंही लिहून देते, जे आधी भरेल ते.

भाऊ मध्येच म्हणाला, "माझ्या स्विफ्ट डिझेलचा कुणी कधी बदलला नाही." अरे, तिला चेन आहे, पट्टाच नाही!

क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा, दोनदा फिरला की कॅम, म्हणजे व्हॉल्व्हच्या झडपा उघडणारा दांडा, एकदा फिरतो; हा मेळ पट्टा राखतो. डिझेलला कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबणं, जास्त; पिस्टन वर आला की हेडखाली, इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली, जागाच उरत नाही. पट्टा तुटला की कॅम थांबतो आणि उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनच्या तोंडी सापडतो.

माझा कन्नड घाटात तुटला होता. आधी ना आवाज, ना लाइट. इंजिन एकदम गप्प. सेल्फ मारला तर भुर्रकन हलका फिरला, कॉम्प्रेशनच नव्हतं. टो करून चाळीसगावला आणली. मिस्तरीनं हेड उतरवून व्हॉल्व्ह फरशीवर घरंगळवून दाखवले. आठातले सहा डगमगत गेले, म्हणजे वाकलेले. त्याआधी महिनाभरच मी स्वतः कव्हर उघडून पट्टा पाहिला होता. पाठ गुळगुळीत, एक चीर नाही.

तो तुकडा मी डिकीत ठेवलाय. आणून अप्पांच्या हातात दिला. म्हटलं, उलटा दुमडा. दुमडल्यावर दातांच्या बुडाशी केसाएवढ्या चिरा उघडल्या, एकीतून काचतंतूंचे धागे बाहेर आलेले.

नानाला पट्टा पटला, पण "टेन्शनर, वॉटर पंप ही मिस्तरीची कमाई" म्हणाला. टेन्शनर म्हणजे पट्टा ताणून धरणारी पुली. इथं मी त्याचं मुळीच ऐकणार नाही. खरी मजुरी तिथवर पोचण्याची. टेन्शनरचं जुनं बेअरिंग उद्या अडकलं तर नवाकोरा पट्टा सोबत नेतं. पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर त्याचंही तेच. तेल अडवणारं ऑइल सील गळत असेल तर तेलानं रबर फुगतं, म्हणजे तेही आत्ताच बघायचं. आणि पट्टा चढवल्यावर लगेच चावी मारू द्यायची नाही. क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवून क्रँक-कॅमच्या खुणांचे मार्क पुन्हा जुळतात का, ते समोर उभं राहून बघायचं.

नाना अजून मानत नाही. अप्पांनी मात्र तुकडा खिशात घातला. "ऱ्हाऊ दे माझ्याकडे. पोरगा रविवारी हीच गाडी पुण्याला नेतो म्हणतोय. त्याला दाखवतो."