अजून घास

सहा महिने झाले सांगलीवरनं सिटी बसनं मिरजेला जातोय, सतारमेकर गल्लीत तानपुऱ्याची जवारी शिकायला, आणि सहा महिन्यात चाचांनी माझ्या कामावर एकूण दोनच शब्द खर्च केलेत. "अजून घास."

जवारी म्हणजे घोडीचा, तारा टेकतात त्या लाकडी तुकड्याचा, माथा कानशीनं असा हलका उतरता करायचा की तार त्याला जेमतेम चाटत जाते, खाली सुती दोरा सरकवून जागा सापडली की मग ती नुसती टण् न करता झंकारत राहते. ऐकायला दहा मिनिटाचं काम. पण जास्त खुली झाली तर पत्र्यात अडकलेला भुंगा, बंद राहिली तर पाटावर बोट आपटल्यासारखं, आणि गंमत म्हणजे घासलेलं लाकूड परत चिकटत नाही.

कुपवाड एमआयडीसीत होतो तेव्हा सुपरवायझर शिव्या तरी पूर्ण वाक्यात द्यायचा हो! इथं "कुठं घासू?" विचारलं की चाचा कानाकडं बोट दाखवतात. माझ्या की त्यांच्या, ते पण नाही कळत. एकदा ते फोनवर होते, मी खर्जाची तार छेडली, लगेच मान हलवून म्हणाले, "नाय नाय, अजून घास," पलीकडचं पुण्याचं गिऱ्हाईक म्हणे पाच मिनिटं विचारत होतं, काय घासू?

२०२४ ला मिरजेच्या सतारीला नि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा मामाचा फोन, "तुला पण मिळालं का रं?" घरी सराव करतो तर शेजारच्या काकू दार वाजवून मिक्सर बिघडलाय का विचारतात. खरं सांगू, चाचांपेक्षा काकूंचं जास्त सविस्तर असतं.

मागच्या महिन्यात ईर्ष्येनं एक शिसवी घोडी इतकी घासली की तार आडवीच झोपली. चाचांनी बघितली, काय बोलले नाहीत, माझ्या पिशवीत टाकली. आता तिच्यावर आमच्या फ्रीजचा डुगडुगणारा पाय उभाय, आई म्हणते पहिल्यांदा कायतरी कामाचं आणलंस.

काल मात्र जोडाची तार छेडली आणि ती बराच वेळ बोलत राहिली, मी आपला वाट बघत बसलो. चाचा बशीत चहा ओतत होते.

"चाचा, अजून घासू?"

"चहा गार होतोय तुझा."

चहा पिऊन होईस्तोवर त्यांनी पुढ्यात दुसरी कोरी घोडी ठेवली होती.