मुरबाडच्या मेकॅनिककाकांची आठवण

मुरबाडच्या कुटुंबवत्सल मेकॅनिककाकांवर आलेला लेख वाचताना डोळे भरून आले, कारण आमचा पॉवर टिलर (मशागतीचे छोटे यंत्र) ऐन चिखलणीत, म्हणजे भातलावणीआधी शेतात चिखल करताना, बंद पडला, तेव्हा तेच पावसात भिजत बांधावर आले होते. डिझेल संपल्यावर टाकी पुन्हा भरली तरी नळीत अडकलेली हवा इंजिनापर्यंत इंधन पोहोचू देत नाही, म्हणून फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे, हे त्यांनी मला हाताला धरून शिकवले. संध्याकाळी मात्र रॉकेलने हात स्वच्छ करून, नातीसाठी खाऊ घेऊन ते वेळेवर घरी जात. याचा उल्लेख लेखात हवा होता. मी आता ठाण्यात राहतो, पण माळशेजच्या वाटेवर त्यांच्या गॅरेजचे ते बंद शटर दिसले की माझी गाडी आपसूक थांबते.